सोमनाथची नसलेली दारे

आग्र्याच्या किल्ल्यात एक जुना लाकडी दरवाजा आहे. उंची सुमारे साडेसोळा फूट, रुंदी साडेतेरा फूट, वजन अदमासे अर्धा टन. ताजमहाल पाहून आलेल्या आणि उन्हाने दमलेल्या सहलीच्या मंडळींचे पाय त्याच्यापुढे फारसे थबकत नाहीत. थबकलेच तर गाईडच्या आवाजामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या एम. ए. च्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेले होते, तेव्हा आमच्या गाईडनेही आवाज चढवून सांगितले, "ये देखिए, सोमनाथ के दरवाजे." मुले पुढे सरसावली. मग त्यांच्यातल्याच एकीने तेथील माहितीफलक वाचला आणि म्हणाली, "मॅडम, इथे तर लिहिलंय की हे सोमनाथचे नाहीत." मुलांचा उत्साह तेवढ्यावर ओसरला आणि सगळे पुढच्या महालाकडे वळले.

त्यांचा तो ओसरलेला उत्साह मला अजून सलतो. एखादी वस्तू आपण समजत होतो ती नाही, एवढे कळताच तिच्यातला आपला रस संपतो. वास्तविक तो तेथूनच सुरू व्हायला हवा. साहित्याच्या वर्गात आपण 'पाठचिकित्सा' नावाचे प्रकरण शिकवतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्नही काढतो. पण त्या विषयाचे मर्म कळायला जे उदाहरण हवे असते, ते पोथ्यांत सापडले नाही तरी या कवाडांत हमखास सापडते, असे माझे मत आहे.

आधी हकिकत. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारे इंग्रजी सैन्य जवळजवळ संपूर्ण कापले गेले. त्या मानहानीची भरपाई करण्यासाठी काढलेल्या मोहिमेत गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने जनरल नॉटला एक विलक्षण आज्ञा केली. परतताना गझनीला महमूदाच्या कबरीवर टांगलेला सोटा आणि त्या कबरीची दारे घेऊन यावे, कारण ती दारे सोमनाथच्या मंदिराची आहेत! नॉटने सप्टेंबर १८४२ मध्ये गझनी घेतली आणि दारे उचलली. १६ नोव्हेंबर १८४२ रोजी एलेनबरोने हिंदुस्थानातील राजेरजवाडे आणि प्रजा यांना उद्देशून जाहीरनामा काढला. आठशे वर्षांच्या अपमानाचे उट्टे निघाले, असा त्याचा सूर होता. दारांची वाजतगाजत मिरवणूक निघाली. ती आग्र्यापर्यंत आली आणि तेथून पुढे कधी सरकलीच नाही.

कारण दारे सोमनाथची नव्हती. हे कळायला शंभर वर्षे लागली असेही नाही. नॉटच्या सैन्याबरोबर कंदाहारचा राजकीय प्रतिनिधी म्हणून हेन्री रॉलिन्सन होता. बेहिस्तूनच्या कीलाकार लेखाचा उलगडा करणारा तोच हा रॉलिन्सन. त्याने दारांवरचा कुफी लिपीतला मजकूर वाचला. त्यात सबुक्तगीनचा पुत्र अबुल कासिम महमूद याच्यासाठी ईश्वराकडे क्षमायाचना केलेली आहे. म्हणजे दार स्वतःच आपण कोठले ते सांगत होते, फक्त वाचणारा हवा होता. पुढे वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. एक म्हणजे लाकूड चंदनाचे नसून देवदाराचे आहे. दुसरी म्हणजे त्यावरील नक्षी कैरोच्या इब्न तुलून मशिदीतील अलंकरणाशी जवळचे नाते सांगणारी आहे. ही मशीद नवव्या शतकातली. गझनीची दारे साधारणपणे अकराव्या शतकातली मानली जातात.

हे तीन साक्षीदार एकाच तोलाचे नाहीत, आणि या ठिकाणी आपल्या क्षेत्रातला अनुभव उपयोगी पडतो. कोरलेले नाव हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो, पण तोच सर्वांत सहज फसवणारा असतो. मराठी संतकाव्याच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. 'नामा' ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचा नसतो; विष्णुदास नामा आणि इतर नामे यांची गुंतागुंत सोडवताना पिढ्या गेल्या. नाममुद्रा मागाहूनही घालता येते. दारावरचे महमूदाचे नावही, केवळ तर्कासाठी, लुटून आणलेल्या दारावर मागाहून कोरले गेले असे म्हणता आले असते. लाकूड मात्र मागाहून बदलता येत नाही. देवदार हा पश्चिम हिमालय आणि पूर्व अफगाणिस्तान या पट्ट्यातला वृक्ष, गझनीच्या सुताराला सहज मिळणारा. चंदन दक्षिणेकडचे, बेताच्या घेराचे झाड. त्याचा सुगंधी गाभा तर त्याहूनही लहान. साडेसोळा फुटांचे दार चंदनाचे असल्याची कल्पना ज्याने कुणी प्रथम केली, त्याने चंदनाचे खोड पाहिलेले नसावे, उगाळलेले गंध तेवढे कपाळी लावलेले असावे.

शैलीचा पुरावा या दोहोंच्या मधला. दारांवर षट्कोनी, अष्टकोनी तक्ते एकमेकांत बसवून भूमितीची जाळी साधलेली आहे आणि त्या तक्त्यांत वेलबुट्टी कोरलेली आहे. देवता नाही, द्वारपाल नाही, गंगा-यमुना नाहीत. आता मंदिराच्या दारावर मूर्ती असलीच पाहिजे असा नियम नाही. मूर्तिकाम बहुधा द्वारशाखांवर, म्हणजे चौकटीवर होते. कवाडे साधीही असू शकतात. त्यामुळे 'मूर्ती नाहीत म्हणून मंदिराचे नाही' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. काय नाही यावरून ओळख पटत नाही, जे आहे त्यावरूनच पटवावी लागते. आणि जे आहे ते इस्लामी जगातल्या सुतारकामाच्या परंपरेत चपखल बसते.

आणखी एक साक्ष आहे, तीही मौनाची. अल्बेरुनी हा महमूदाच्या काळातच गझनीत होता. त्याच्या हिंदविषयक ग्रंथात सोमनाथच्या लिंगाचे पुढे काय झाले ते आले आहे. वरचा भाग फोडला; उरलेला गझनीला नेला; त्याचा एक तुकडा ठाणेश्वराहून आणलेल्या चक्रस्वामीच्या मूर्तीजवळ मैदानात टाकला, दुसरा मशिदीच्या दाराशी पाय पुसायला ठेवला. सोन्यानाण्याचा आणि भरजरी वस्त्रांचाही उल्लेख आहे. दारांचा नाही. मौन हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मान्य. पण लिंगाच्या तुकड्यांचा ठावठिकाणा इतक्या बारकाईने सांगणाऱ्या, त्याच शहरात वावरणाऱ्या माणसाच्या नजरेतून एवढी मोठी कवाडे सुटली, हे पटवून घेणे अवघड आहे.

मग ही कथा आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती चांगलीच प्रचलित होती. गझनीच्या रौझ्यावरचे मुजावर येणाऱ्याजाणाऱ्याला ती दारे सोमनाथची म्हणून दाखवीत, आणि १८३० च्या दशकात तेथून गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी ते लिहून ठेवले. पदच्युत शहाशुजा मदत मागत फिरत होता, तेव्हा १८३१ साली रणजितसिंगाने त्याच्याशी बोलणी करताना या दारांचीही मागणी केली होती. एलेनबरोने कथा रचली नाही. त्याने ती वापरली, आणि वापरण्यापूर्वी तपासली नाही. महमूदाच्या कबरीपाशी 'ही सोमनाथची' असे सांगणाऱ्या मुजावराला त्या दारांतून विजय दिसत होता. लाहोर दरबाराला आणि कलकत्त्याच्या सरकारला परतफेड दिसत होती. कथा एकच, मात्र प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अन्वयार्थ लावला. दाराकडे मात्र कोणीच पाहत नव्हते.

विरोधकही नाही. ९ मार्च १८४३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात या प्रकरणावर चर्चा झाली आणि मेकॉलेने एलेनबरोवर गाजलेले भाषण केले. त्याचा रोख दारे खरी की खोटी यावर नव्हता. सरकारने एका धर्माचा कैवार घेऊन दुसऱ्याला डिवचले, आणि तेही मूर्तिपूजेच्या बाजूने, ही त्याची तक्रार होती. तिच्यात शहाणपण होते तसा तुच्छतेचा दर्पही होता. पंचवीस वर्षांनी विल्की कॉलिन्सने 'द मूनस्टोन' (१८६८) या कादंबरीची सुरुवात सोमनाथच्या दंतकथेपासून केली, तेव्हा ती कथा इंग्रजी वाचकाला अगदीच परकी राहिलेली नव्हती.

येथे आपण मराठी वाचकांनी जरा आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. उज्जैनच्या गोपाळ मंदिरात, जे बायजाबाई शिंद्यांनी बांधवले, चांदीने मढवलेला एक दरवाजा आहे, आणि तोही सोमनाथचाच असे सांगितले जाते. गझनीला गेलेली दारे महादजी शिंद्यांनी परत आणली, अशी ही आख्यायिका. तिच्या अलीकडच्या एका रूपात तपशील पक्के झाले आहेत: १७८२-८३ मध्ये महादजींनी लाहोर जिंकून तीन रुपेरी दारे आणली म्हणे. त्या काळात लाहोर शीख सरदारांच्या ताब्यात होते, आणि महादजी मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहात गुंतलेले होते. मराठी फौजा लाहोरला पोचल्या त्या १७५८ साली, राघोबादादांबरोबर. आख्यायिकेने वेगवेगळ्या पराक्रमांचे धागे एका वीरपुरुषाभोवती गुंफले आहेत. लोककथा हे नेहमीच करते आणि त्यात तिचा काही दोष नाही. आपण तिला बखरीचे प्रमाणपत्र देतो, तो दोष आपला.

एक दार चांदीचे, एक चंदनाचे म्हणून गाजलेले देवदाराचे, दोन्ही सोमनाथची. गंमत अशी की सोमनाथला मराठी माणसाने प्रत्यक्ष काय केले, याला दंतकथेची गरजच नाही. १७८३ साली अहिल्याबाई होळकरांनी प्रभासपाटणला, भग्न मंदिराच्या जवळच, नवे शिवमंदिर बांधून पूजा सुरू केली. ते आजही उभे आहे. एलेनबरोचा जाहीरनामा निघाला तेव्हा त्या गावात साठेक वर्षे पूजा चालू होती. कुठल्याही दारांची वाट पाहत ती थांबलेली नव्हती. पण अहिल्याबाईंच्या या कामाची गोष्ट सांगताना आपला आवाज चढत नाही. महादजींच्या न घडलेल्या स्वारीची सांगताना चढतो.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. आजचे सोमनाथ मंदिर उभारले जात असताना, १९५१ साली, अफगाणिस्तानातून दारे परत आणली जाणार असल्याची बातमी पाकिस्तानात पसरली, आणि ती खोटी असल्याचा खुलासा खुद्द पंडित नेहरूंना लियाकत अली खानांना लिहिलेल्या पत्रात करावा लागला. आता गंमत पाहा: रॉलिन्सनच्या वाचनाला तेव्हा शतक उलटून गेले होते, आणि गझनीची ती दारे तर केव्हाच आग्र्याला येऊन पडलेली होती! २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीने वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हाही असाच प्रश्न उभा राहिला. ती अफझलखानाच्या प्रसंगीचीच आहेत याची खातरजमा करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच म्हटलेले आहे. हे वाक्य वर्गात उच्चारल्यावर दोन विद्यार्थी माझ्यावर रागावले. मला त्यांच्या रागाचा राग आला नाही. श्रद्धेय व्यक्तीविषयी प्रश्न विचारणे आणि वस्तूविषयी प्रश्न विचारणे यांत अंतर आहे, हे शिकवायला आपण शिक्षक कमी पडलो आहोत, एवढेच जाणवले.

आता माझा मुख्य आक्षेप, आणि तो इतिहासकारांवर नाही. त्यांनी आपले काम चोख केले आहे. रोमिला थापर यांचे सोमनाथविषयक पुस्तक (२००४) वाचले तर एकाच घटनेचे किती आवाज असतात ते ध्यानात येते. माझा आक्षेप आपल्या, म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या, समाधानावर आहे. 'ही सोमनाथची नव्हेत' एवढे कळले की आपल्याला वाटते, ओळख पटली. वस्तुतः आपण फक्त एक खोटे नाव पुसले आहे. एखाद्या अभंगावर 'प्रक्षिप्त' असा शिक्का मारून तो गाथेच्या परिशिष्टात ढकलावा आणि मग कोणी तो वाचूच नये, तसे या दारांचे झाले आहे. तो अभंग कोणा अनामिकाने रचला, का रचला, कोणत्या फडावर तो गायिला गेला, हे प्रश्न तेथेच गाडले जातात. सुखटणकरांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. ते वाचण्याचा आळस मात्र आपला.

ही दारे म्हणजे गझनवी काळातल्या लाकडी कोरीवकामाचा अत्यंत दुर्मीळ नमुना आहे. एवढ्या आकाराचे, एवढ्या जुन्या काळचे लाकूड टिकणे हीच नवलाची बाब. बाराव्या शतकाच्या मध्यावर घूरच्या अलाउद्दीनाने गझनी जाळली, इतकी की 'जहाँसोज', जग जाळणारा, हे बिरुद त्याला चिकटले. त्या आगीतूनही महमूदाची कबर वगळली गेली, असे इतिवृत्ते सांगतात. ज्या कबरीला तिच्या वैऱ्याने हात लावला नाही, तिची दारे एका गैरसमजापायी निघाली. त्यांना आपल्याकडे नाव मिळाले ते नकाराचे. महमूदाविषयी आपल्या मनात काय आहे हा स्वतंत्र प्रश्न. ज्या सुताराने तो प्रत्येक अष्टकोन तासला, त्याने सोमनाथ पाहिलेले नव्हते एवढे तरी गृहीत धरायला हरकत नसावी.

याच ओघात एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. परदेशी संग्रहालयांतल्या आपल्या वस्तू परत याव्यात असे आपण म्हणतो, योग्यच म्हणतो. मग आग्र्याच्या किल्ल्यातली ही दारे कोणाची? १८४२ साली एका विजयी सैन्याने ती एका कबरीवरून उचलली. त्या सैन्यात हिंदी शिपाई होते. गझनीची आजची परिस्थिती पाहता ती तेथे पाठवावीत, असे मी म्हणणार नाही. पण ती अफगाणिस्तानची आहेत आणि आपल्याकडे ठेव म्हणून आहेत, एवढे वाक्य माहितीफलकावर लिहायला काय हरकत आहे? आपण ज्या भाषेत लंडनशी बोलतो, त्याच भाषेत स्वतःशी बोलून पाहावे. हे मत अनेकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

त्या सहलीनंतर दोन वर्षांनी दुसऱ्या तुकडीबरोबर पुन्हा आग्र्याला जाण्याचा योग आला. या वेळी मी गाईडला जरा थांबवले आणि मुलांना सांगितले, पंधरा मिनिटे दाराकडे पाहा आणि एक पान वर्णन लिहा. 'सोमनाथ' आणि 'महमूद' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. सुरुवातीला कुरकुर झाली. बहुतेकांची पाने 'भव्य', 'सुबक' आणि 'प्राचीन' या विशेषणांवर भागली. आपण मराठीच्या वर्गात हेच शिकवतो, तेव्हा तक्रार कुणाजवळ करणार. एका मुलाचे पान मात्र वेगळे होते. त्याचे वडील सुतार. त्याने लिहिले होते की एवढ्या मोठ्या दाराला अखंड फळ्या वापरल्या असत्या तर उन्हाने आणि थंडीने त्या केव्हाच फाकल्या असत्या. म्हणून कारागिराने लहान लहान तक्ते खिळा न मारता खाचांत सैल बसवले, लाकूड फुगले-आटले तरी प्रत्येकाला आपल्यापुरती जागा राहावी. खाली एक ओळ होती, ती त्याने नंतर खोडली होती, पण वाचता येत होती: 'नक्षी दिसायला केली नसावी, आधी दार टिकायला केली असावी.'

ती ओळ का खोडलीस, असे मी त्याला परतीच्या गाडीत विचारले. तो म्हणाला, "मॅडम, संदर्भ नव्हता."